पडद्यावरचे ९३ अंश

“मावशी, बघ. त्र्याण्णव. आता हा आकडा हलायचा नाही.”

डिसेंबरातली सकाळ होती. पुण्यात भाच्याच्या घरी ओट्यावर त्याचं नवं एस्प्रेसो यंत्र मांडलेलं. बटण दाबल्यापासून सहा-सात मिनिटांत पडद्यावर ९३ उमटले आणि खरोखर हलले नाहीत. पोर्टाफिल्टर, म्हणजे कॉफी भरायची मुठीची धातूची वाटी, ओट्याच्या ग्रॅनाइटवर पालथा पडला होता. भाच्याने तो उचलला, १८ ग्रॅम कॉफी भरली, दाबली, यंत्राला चढवला आणि शॉट काढला. कप आंबट निघाला, अंगाने पातळ, जिभेच्या कडांना झोंबणारा. लगेच त्याने दुसरा काढला. कॉफी तीच, दळण तेच, आकडा तोच. हा कप बराच गोड होता. तिसरा त्याहून भरदार. तिन्ही कप समोर ठेवून आम्ही पुन्हा पुन्हा घोट घेतले आणि भाचा म्हणाला, “पहिला ग्राइंडरने बिघडवला असणार.” पडद्यावर त्याने जराही शंका घेतली नाही.

या विश्वासाबद्दल मला लिहायचं आहे, कारण तो एकट्या भाच्याचा नाही. घरी एस्प्रेसो करणाऱ्यांमध्ये आज हे मत जवळजवळ सर्वमान्य झालं आहे. ते असं मांडलं जातं: एस्प्रेसोची चव पाण्याच्या तापमानावर अवलंबून असते, ते तापमान बॉयलर ठरवतो, तेव्हा बॉयलरला पीआयडी नियंत्रक बसवून त्याचा आकडा स्थिर केला की कपात सातत्य आलंच. यातलं पहिलं विधान बऱ्याच अंशी खरं आहे. दुसरं अर्धवट आहे. आणि तिसरं या अर्धवट विधानावर उभं असल्यामुळे लंगडं आहे.

पूर्वपक्षाचं बळ आधी मान्य करायला हवं. जुन्या घरगुती यंत्रांत बॉयलरला साधा थर्मोस्टॅट असे, न्हाणीघरातल्या गीझरला असतो तसाच. पाणी पुरेसं तापलं की तो वीज तोडतो, बरंच निवलं की पुन्हा जोडतो. या तोडण्या-जोडण्याच्या मधलं अंतर १० अंशांचं, कधी त्याहूनही जास्त. गीझरमध्ये त्याने काही बिघडत नाही, बादलीत विसण घालून भागतं. एस्प्रेसोत मात्र एक कप चढत्या तापमानावर निघाला आणि दुसरा उतरत्या, तर दोन्हींची चव जुळत नाही. म्हणून लोक दिवा विझल्यापासून सेकंद मोजायचे, थोडं पाणी सोडून द्यायचे, मग शॉट काढायचे. पीआयडीने या हेलकाव्याचा बंदोबस्त केला आणि तो चांगला केला. माझ्या स्वतःच्या यंत्राला मी तो बसवून घेतला आहे आणि काढणार नाही.

पण पीआयडी नेमकं काय करतो ते पाहू. १९२२ साली निकोलस मिनोर्स्की यांनी जहाजं आपोआप दिशेवर ठेवण्यासाठी या नियंत्रणाचं गणित मांडलं. ते सुकाणूवरच्या अनुभवी माणसाचं निरीक्षण करून मांडलेलं होतं. दिशा आत्ता किती चुकली आहे, ही चूक किती वेळ साचत आली आहे आणि ती किती वेगाने बदलते आहे, या तिन्ही गोष्टी बघून तो माणूस चाक फिरवतो. पीआयडीही तेच करतो. फरक इतकाच की जहाजावरचं होकायंत्र त्या जहाजाचीच दिशा सांगतं. आपल्या यंत्रातला तापमापक बहुधा बॉयलरच्या बाहेरच्या भिंतीला चिकटवलेला असतो आणि कॉफी असते तिथून काही इंच खाली, दुसऱ्याच धातूच्या पोटात. नियंत्रक कितीही हुशार असला तरी तो ज्या जागेचं मोजमाप बघतो तीच जागा सांभाळणार.

हे यंत्र बनवणाऱ्यांना ठाऊक असतं. जुन्या यंत्रांतले कॉफीचे थर्मोस्टॅट १०० ते ११० अंशांच्या आसपासचे असत, आणि कॉफीला पाणी हवं असे नव्वदीतलं. मधले अंश वाटेत गळणार, हे त्या निवडीतच गृहीत होतं. पीआयडीवाल्या यंत्रात हे गृहीत डोळ्याआड गेलं. तिथे ‘ऑफसेट’ नावाची वजाबाकी आत भरून ठेवलेली असते. बॉयलर १०३ वर असेल, वजाबाकी १० ची असेल, तर पडदा ९३ दाखवतो. म्हणजे ते ९३ कुणी मोजलेले नाहीत, हिशेबाने मांडलेले आहेत. आणि हा हिशेब कोणत्या तरी एका स्थितीत बसवलेला असतो: ग्रुपहेड (पोर्टाफिल्टर जिथे चढतो तो धातूचा भाग) पूर्ण तापलेला, पोर्टाफिल्टर चढवलेला, खोली अमुक इतकी उबदार, टाकीतलं पाणी तमुक. ती स्थिती नसेल तर वजाबाकी चुकते आणि पडद्याला त्याचा पत्ता लागत नाही. डिसेंबरातल्या त्या सकाळी बॉयलर १०३ वर असेलही, पण त्याखालचा ग्रुपहेड अजून हाताला जेमतेम कोमट लागत होता.

घावन घालणाऱ्या कुणालाही ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. बिडाच्या तव्यावरचं पहिलं घावन चिकटतं. आच पहिल्यापासून तीच असते, पण तवा अजून मुरलेला नसतो. आजी पाण्याचा शिंतोडा मारून बघायची, तेव्हा ती ज्योतीची नव्हे तर लोखंडाची परीक्षा घेत होती.

धातूचा हा वाटा केवढा आहे, याचा अंदाज साध्या आकडेमोडीने येतो. पितळ एक अंशाने तापवायला तेवढ्याच वजनाच्या पाण्याच्या साधारण अकरावा हिस्सा उष्णता लागते. पोर्टाफिल्टर ५५० ग्रॅमचा धरला तर उष्णतेच्या हिशेबात तो ५० ग्रॅम पाण्याच्या तोडीचा झाला. दुहेरी शॉटमध्ये कपात उतरणारं पेय असतं ३६ ते ४० ग्रॅम. म्हणजे थंडगार पोर्टाफिल्टर हा कपातल्या सगळ्या कॉफीहून मोठा उष्णतेचा खड्डा आहे. २५-३० सेकंदांत तो पूर्ण भरत नाही, हे खरं. पण जितका भरतो तितकी उष्णता त्याच पाण्यातून आणि त्याच ग्रुपहेडमधून जाते. बॉयलर अर्ध्या अंशात सांभाळला आणि पोर्टाफिल्टर ग्रॅनाइटवर ठेवला, तर दारात सांभाळलं ते परसात सांडलं.

आता कॉफीच्या चकतीत काय होतं ते बघू. ९३ अंशांना ओतलं म्हणजे कॉफी ९३ अंशांना शिजते, असं आपण सहज धरून चालतो. कोरड्या कॉफीची उष्णता धरण्याची ताकद पाण्याच्या निम्म्याहून थोडी कमी. १८ ग्रॅम कॉफी २० अंशांवर आहे आणि तिच्यात पहिलं १८ ग्रॅम पाणी ९३ अंशांना शिरलं, तर दोन्हींचं मिळून तापमान ७० ते ७५ च्या दरम्यान येतं. पुढचं पाणी ते वर चढवत नेतं. वरचा थर आधी तापतो, तळचा शेवटी. म्हणजे धातू नीट तापलेला असतानाही, आमचा बॉयलर दशांशात स्थिर आहे असं आपण अभिमानाने सांगत असतो तेव्हा चकतीच्या आत वीसेक अंशांची चढण चाललेली असते. ही चढण टाळता येत नाही आणि टाळायची गरजही नाही. ती रोज सारखी व्हावी, एवढंच आपल्याला साधायचं आहे.

हीट एक्स्चेंजरच्या यंत्रांत तर पडद्यावरच्या आकड्याचा कॉफीच्या पाण्याशी सरळ संबंधही नसतो. तिथला मोठा बॉयलर वाफेसाठी असतो, एक ते सव्वा बार दाबावर, म्हणजे १२० अंशांच्या वर. कॉफीचं पाणी त्याच्या पोटातून जाणाऱ्या नळीतून ताजं तापून येतं. यंत्र अर्धा तास नुसतं उभं राहिलं की त्या नळीतलं पाणी आणि ग्रुपहेड दोन्ही गरजेपेक्षा जास्त तापतात. मग आधी पाणी सोडावं लागतं; ते चुरचुरत, वाफ टाकत येतं आणि मग शांत धारेला लागतं. किती सोडायचं आणि त्यानंतर किती थांबायचं, यावर कप ठरतो. अशा यंत्राला पीआयडी बसवला तर वाफेचा दाब सुधारतो. कॉफीचं तापमान त्या सोडलेल्या पाण्याच्याच हाती राहतं.

इतिहासही माझ्याच बाजूने बोलतो. १९६१ साली फाएमा कंपनीने ई६१ हे यंत्र आणलं. त्याचा ग्रुपहेड सुमारे चार किलोचा, आणि बॉयलरमधलं गरम पाणी त्यातून आपोआप फिरत राहील अशी रचना. १९७० च्या ला मार्झोको जीएस यंत्रात कॉफीचा बॉयलर वेगळा केला आणि ग्रुपहेड त्याच बॉयलरला जोडून पाण्याने भरलेला ठेवला. तापमानाचा प्रश्न त्या अभियंत्यांनी धातूच्या जागी सोडवला, आकडा दाखवणारा पडदा नसताना. या शतकाच्या सुरुवातीला सिएटलचे कॉफीव्यावसायिक डेव्हिड शोमर यांच्यासारख्यांनी पीआयडीचा आग्रह धरला तो अशाच, ग्रुपहेडपर्यंत पाण्याने भरलेल्या यंत्रांसाठी. तिथे बॉयलरचा आकडा कॉफीच्या अगदी जवळ होता, म्हणून त्याला अर्थ होता. घरगुती यंत्रांनी तो आकडा उचलला, त्यामागचा ग्रुपहेड मात्र उचलला नाही. मला वाटतं, सगळ्या गैरसमजाचं मूळ इथे आहे.

शिवाय शॉटभर सपाट तापमान हाच आदर्श, ही कल्पनाही उशिरा आलेली आहे. आकिले गाज्जिया यांच्या दांड्याच्या यंत्रात, म्हणजे ज्या यंत्रातून जाड क्रेमाची कॉफी १९४० च्या दशकाच्या अखेरीस जगाला मिळाली त्यात, ठरावीक पाणी दट्ट्याखाली येतं आणि स्प्रिंग ते ढकलत असताना ते निवत जातं. तापमान उतरतं असतं आणि त्या कॉफीवर प्रेम करणारे आजही आहेत.

नेमका आकडा कोणता, यावर तरी एकमत आहे का? इटलीच्या इस्तितुतो नात्सिओनाले एस्प्रेसो इतालियानो या संस्थेच्या मानकात यंत्रातून बाहेर पडणारं पाणी ८८ अंश, दोन अंश इकडे-तिकडे. जागतिक बरिस्ता स्पर्धेच्या नियमांत ते ९०.५ ते ९६. दोन्ही पट्टे एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. भाजणी वेगळी, परंपरा वेगळी, म्हणून दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण ९३ या आकड्यात स्वतःची अशी काही जादू असती तर असं झालं नसतं.

एका अंशाने चव पालटते, असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ८७, ९० आणि ९३ अंशांवर काढलेली कॉफी, पण तिन्हींचा कडकपणा आणि पुडीतून उतरलेला अंश सारखा राखलेला. प्रशिक्षित चव-परीक्षकांना तापमानामुळे पडलेला फरक फारच थोडा आढळला. ही कॉफी ठिबक पद्धतीची होती, एस्प्रेसो नव्हे, म्हणून मी तिचा निष्कर्ष उचलून इथे चिकटवणार नाही. त्यातून मी एवढंच घेते: तापमान चवीत शिरतं ते मुख्यतः किती उतरलं या वाटेने, आणि ती वाट दळण, वजन आणि वेळ यांचीही आहे. १८ ऐवजी १९ ग्रॅम भरली तर साडेपाच टक्क्यांचा फरक तिथेच पडला. काटा न वापरता पीआयडीच्या दशांशावर वाद घालणाऱ्यांनी आधी काटा घ्यावा.

माझ्या या म्हणण्याची परीक्षा भाच्याच्याच ओट्यावर झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही यंत्र पाऊण तास तापवलं. एक शॉट ९३ वर, पोर्टाफिल्टर चढवूनच ठेवलेला. एक ९३ वरच, पण पोर्टाफिल्टर दहा मिनिटं नळाखाली गार करून पुसलेला. मग तापल्या धातूवर एक ९१ ला आणि एक ९४ ला. प्रत्येक वेळी वजन आणि वेळ जुळवली. कपांच्या बुडाला खुणा केल्या, कप माझ्या बहिणीने अदलून-बदलून मांडले आणि भाचा पाठमोरा उभा राहिला. ९१, ९३ आणि ९४ चे तापल्या धातूवरचे तीन कप त्याला नीट वेगळे काढता आले नाहीत. दोनदा चाखून दोनदा वेगळा क्रम लावला. गार पोर्टाफिल्टरचा कप त्याने पहिल्याच घोटाला बाजूला सारला. “हा कालचा,” तो म्हणाला. एका घरातली चार कपांची चाचणी म्हणजे शास्त्र नव्हे, हे मला कळतं. पण एकाच आकड्याचे दोन कप एकमेकांपासून इतके लांब आणि वेगवेगळ्या आकड्यांचे तीन इतके जवळ, हे ज्याला तपासायचं त्याने आपल्या ओट्यावर तपासावं. खर्च काही नाही.

आता मंडन. सातत्य हवं तर शॉट सुरू होण्याच्या क्षणी सगळ्या धातूत रोज सारखी उष्णता असली पाहिजे. ती आणण्याचे मार्ग साधे आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना पैसे पडत नाहीत.

पडद्यावर आकडा आला म्हणजे यंत्र तयार झालं असं समजू नये. छोट्या यंत्राला किमान अर्धा तास, जड ग्रुपहेडला पाऊण तास. या सगळ्या वेळात पोर्टाफिल्टर आतल्या जाळीच्या बास्केटसह चढवलेला असावा. कॉफी भरण्याआधी रिकाम्या बास्केटमधून थोडं पाणी सोडावं. ते कपात घेतलं की कपही तापतो. मग बास्केट कोरडी पुसून चटकन भरावी. भरायला एके दिवशी वीस सेकंद आणि एके दिवशी दोन मिनिटं, असं होऊ देऊ नये. पाणी सोडल्यावर आकडा खाली जाऊन पुन्हा वर येतो. तो आल्यावर मोजून तेवढेच सेकंद थांबावं. किती, याला महत्त्व नाही. मी ३० थांबते.

एकाच बॉयलरच्या यंत्रात आधी कॉफी, मग दुधासाठी वाफ. वाफेनंतर लगेच दुसरी कॉफी काढायची असेल तर फुरफुर थांबेपर्यंत पाणी सोडायचं आणि बॉयलर पुन्हा स्थिर होऊ द्यायचा. चार पाहुण्यांसाठी चारही शॉट आधी काढून घ्यावेत.

टाकीतलं पाणी हा आपल्याकडचा खास मुद्दा आहे. पुण्यात जानेवारीच्या पहाटे ते १६-१७ अंशांवर असतं, मे महिन्यात ३० च्या वर. ज्या यंत्राच्या बॉयलरमध्ये जेमतेम १०० मिलिलिटर पाणी मावतं, त्यात एका शॉटमध्ये ५०-६० मिलिलिटर नवं पाणी शिरतं. चौदा अंशांचा हा फरक भरून काढायला हीटरला शॉटभर साधारण १०० ते १४० वॅट जादा द्यावे लागतात, आणि भिंतीवरच्या तापमापकाला त्याची खबर उशिरा लागते. म्हणून थंडीत मी सेट केलेला आकडा एका अंशाने वाढवते आणि टाकी आदल्या रात्रीच भरून ठेवते. माठातलं किंवा फ्रिजमधलं पाणी ऐनवेळी ओतू नये.

विजेचा दाब हाही तसाच. २३० व्होल्टऐवजी २०० आले तर हीटरची ताकद पाऊण होते, कारण ती दाबाच्या वर्गाने घटते. १३०० वॅटचा हीटर मग १००० च्या आतच राहतो. पावसाळ्याच्या संध्याकाळी दिवे पिवळे पडतात तेव्हा पडदा ९३ च दाखवत असतो, पण शॉट चालू असताना पाणी सावरून धरण्याची हीटरची ऐपत कमी झालेली असते. अशा वेळी दोन शॉटमधलं अंतर वाढवणं हाच उपाय. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांच्या बॉयलरमध्ये क्षाराचा थर बसतो आणि तो उष्णतेची वाट अडवतो, म्हणून पाण्याचीही काळजी घ्यावी.

इतकं झालं की मग आकड्याला हात लावावा, आणि दशांशाने नव्हे, दोन-दोन अंशांनी. चिकमगळूरची फिकट भाजलेली अरेबिका आंबट लागत असेल तर वर जावं. काळपट भाजणी कडू लागत असेल तर ९० च्या खाली उतरायला घाबरू नये. फिकट भाजणीच्या बाबतीत तापमानाचं महत्त्व मोठं आहे आणि तिथे पीआयडीची सोय खरोखर कामी येते, हे मीही मान्य करते.

आणि पैसेच खर्चायचे असतील तर ग्रुपहेडचं तापमान दाखवणाऱ्या साधनावर खर्चावेत. ई६१ पद्धतीच्या ग्रुपहेडला असा तापमापक एका स्क्रूच्या जागी बसवता येतो. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी स्वयंपाकघरातला बारीक टोकाचा तापमापक कागदी कपात धरून, रिकाम्या बास्केटमधून सुटलेलं पाणी रोज एकाच वेळी, एकाच मात्रेत मोजावं. तो आकडा कॉफीचं खरं तापमान सांगणार नाही. पण काल आणि आज यांत फरक पडला का, ते सांगेल.

भाच्याने आता यंत्राच्या प्लगला टायमर लावला आहे. तो उठायच्या चाळीस मिनिटं आधी ते सुरू होतं, पोर्टाफिल्टर रात्रीच चढवलेला असतो. मागच्या रविवारी मी गेले तेव्हा त्याने पडद्याकडे पाहिलंही नाही. आधी ग्रुपहेडच्या बाजूला हाताची पालथी बोटं नेली, क्षणभर धरली आणि मग कॉफी दळायला घेतली.